आज कुठलं इंजिन? हेरिटेज रेल्वेंच्या ऑनलाइन माहितीची झाडाझडती

हेरिटेज रेल्वेची, म्हणजे जुनी इंजिनं जपून चालवणाऱ्या रेल्वेची, वेबसाइट उघडली की मी आधी तिकिटाचे दर बघत नाही, फोटो तर नाहीच नाही. थेट तळाशी जाऊन एकच गोष्ट शोधते: ही माहिती शेवटची कधी बदलली? तारीख सापडली तर मग बाकीचं वाचायला घेते. नाही सापडली तर इंजिनाचं नाव कितीही ठळक अक्षरांत असो, मी ती जाहिरात समजते.

ही खोड नोकरीत लागली. डिझेल शेडच्या ऑफिसात आउटेजचा तक्ता लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. किती इंजिनं लाइनवर आहेत, किती शेड्यूलला (ठरलेल्या देखभालीला) लागलीत, किती पीओएचसाठी (ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीसाठी) वर्कशॉपला गेलीत, कुठलं कुठल्या स्टेशनात फेल होऊन उभं आहे, हे सगळं एका कागदावर सकाळी साहेबांच्या टेबलावर जायचं. त्या कागदावर तारीख, वेळ आणि सही नसेल तर साहेब तो वाचायचेच नाहीत. आता निवृत्त झाले, पण भाचा इंग्लंडात आहे आणि त्याच्या मुलाला वाफेच्या इंजिनांचं वेड लागलंय. "मावशी, शनिवारी तिकडे जायचं म्हणतोय, इंजिन कुठलं असेल ते बघून सांग ना," असा फोन आला की मी लॅपटॉप उघडून बसते. ब्रिटनपासून सुरुवात झाली, पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आपल्याकडच्या डोंगरी गाड्या असं करत बरंच काही चाळून झालं. त्यातून जे मत बनलं ते इथे मांडते.

पहिली बाजू रोस्टरची, म्हणजे कुठल्या दिवशी कुठलं इंजिन या यादीची. प्रवाशाला पहिला प्रश्न हाच पडतो, की मी जाईन त्या दिवशी गाडीला कुठलं इंजिन असेल? सेव्हर्न व्हॅली रेल्वे या बाबतीत मला आवडते. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ अशी १६ मैलांची ही लाइन. ब्रिजनॉर्थला इंजिनांचं शेड आणि वर्कशॉप आहे. कुठल्या तारखेला कुठली इंजिनं चालवायचा बेत आहे हे ते आधी जाहीर करतात. 'बेत' हा शब्द महत्त्वाचा. ही हमी नाही असं ते तिथेच सांगून मोकळे होतात. नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेही अशी यादी देते. तिथे एक जास्तीची गुंतागुंत आहे. त्यांच्या काही गाड्या ग्रॉसमाँटच्या पुढे व्हिट्बीपर्यंत जातात आणि तो पुढचा तुकडा नॅशनल नेटवर्कचा, म्हणजे देशाच्या नेहमीच्या रेल्वेचा आहे. तिथे जायला इंजिनाकडे मेनलाइनवर चालायची परवानगी आणि त्यासाठीची सुरक्षा यंत्रणा दोन्ही लागतात. शेडमध्ये इंजिनं भरपूर असली तरी व्हिट्बीला जाऊ शकणारी त्यातली मोजकीच. शेडमधल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कुटुंब घेऊन आलेल्या पाहुण्याला मात्र लाइनच्या दुसऱ्या टोकाला पिकरिंगला दिसलेलं इंजिन व्हिट्बीच्या गाडीला का नाही हे कोडं वाटतं. यादीखाली दोन ओळी लिहिल्या तर कोडं सुटेल.

रोस्टरच्या खाली ठरलेली तळटीप असते: 'बदल होऊ शकतो'. लोक त्यावर चिडतात. मी चिडत नाही, कारण वाफेचं इंजिन म्हणजे बटण दाबलं की सुरू होणारं यंत्र नव्हे. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रा आणि आतल्या ट्यूबा (नळ्या) सारख्या फुगत नाहीत आणि सांधे गळायला लागतात. म्हणून आदल्या दिवसापासून हलकी आग ठेवून त्याला हळूहळू वर आणावं लागतं. ठरावीक दिवस चालल्यावर बॉयलर पूर्ण गार करून, झाकणं उघडून आतला गाळ आणि क्षार धुवून काढायचे, म्हणजे वॉशआउट. त्या दिवसांत ते इंजिन मिळणार नाही. शिवाय सकाळी आग पेटवल्यावर एखादी ट्यूब ठिबकताना दिसली, आदल्या फेरीत एखादं बेअरिंग तापलं असेल, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर पाणी घेत नसेल, तर शेडचा माणूस नाव खोडून दुसरं लिहिणार. त्याने ते करायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच की खोडल्यावर वेबसाइटवरही खोडा. आठ दिवसांपूर्वीचा बेत तसाच ठेवून खाली 'बदल होऊ शकतो' लिहिणं म्हणजे कालचा आउटेज आज साहेबांपुढे सरकवणं.

बदलाचं कारण एक-दोन शब्दांत दिलं तरी केवढा फरक पडतो! 'वॉशआउट', 'ट्यूब गळती', 'वणव्याचा धोका'. शेडमध्ये आमच्याकडे फेल्युअरचं कारण लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. इथे पाहुण्याला फक्त 'तांत्रिक कारणास्तव' मिळतं. ज्याला इंजिनात रस नाही त्याला एवढं पुरतं, पण ज्याला रस नाही तो रोस्टरचं पान उघडतो तरी कशाला?

आता एक तक्रार, नाव न घेता. एका रेल्वेच्या 'आमची इंजिनं' या पानावर एका सुंदर हिरव्या इंजिनाचा फोटो होता, शेजारी इतिहास, चाकांची मांडणी, वजन, सगळं. भाचा मुलाला घेऊन लांबवर गाडी चालवत गेला. समोर आलं डिझेल. चौकशी केली तर त्या हिरव्या इंजिनाच्या बॉयलरची मुदत कधीच संपली होती आणि ते सुटं करून वर्कशॉपमध्ये ठेवलं होतं. ही बातमी होती कुठे? त्यांच्या फेसबुक पानावर, एका जुन्या पोस्टखाली, एका स्वयंसेवकाने कुणाला तरी दिलेल्या उत्तरात. पोराने परतीच्या वाटेवर तोंड फुगवलं ते वेगळंच. मी त्यांना ईमेल लिहिला. उत्तर फार अदबशीर आलं, पण पान पुढे कित्येक आठवडे तसंच होतं. पानावर 'सध्या सेवेत नाही' एवढे तीन शब्द असते तरी भाच्याने दुसरा रविवार निवडला असता किंवा डिझेल येणार हे पोराला आधीच सांगून ठेवलं असतं.

हे फेसबुकचं दुखणं सार्वत्रिक आहे. ताजी बातमी तिथे टाकायला सोपी पडते, शेडमधला माणूस फोनवरूनच टाकतो, लोकही लगेच बघतात. पण दोन दिवसांत ती खाली वाहून जाते आणि शोधून सापडत नाही. ज्याचं खातं नाही त्याला तर मिळतच नाही. वेबसाइट अधिकृत पण शिळी, फेसबुक ताजं पण हाती न लागणारं. बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांच्या बळावर कारभार चालतो, हे मला मान्य आहे. वेबसाइट सांभाळणारा माणूस बहुधा आठवडाभर दुसरी नोकरी करून रविवारी बॉयलरही धूत असेल. म्हणूनच म्हणते, सुंदर पान नको, साधा तक्ता द्या. इंजिन, स्थिती, तारीख. तीन रकाने.

बॉयलरच्या मुदतीचा विषय निघालाच आहे तर तो जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक वेबसाइट्स इथेच गोंधळ घालतात. ब्रिटनमध्ये इंजिनाच्या बॉयलरचं प्रमाणपत्र साधारण १० वर्षांचं असतं. तिकडची मंडळी त्याला 'बॉयलर तिकीट' म्हणतात. ते संपलं की बॉयलर सांगाड्यावरून उचलायचा, आवरण आणि ट्यूबा काढायच्या, झिजलेला पत्रा बदलायचा आणि पाण्याच्या दाबाखाली तपासणी करायची. त्याच वेळी चाकं, एक्सलबॉक्स, सिलिंडर यांचंही काम काढतात. आमच्या पीओएचसारखंच, फक्त इथे वर्कशॉपकडे सुटे भाग नसतात आणि पैसे देणग्यांतून यायचे असतात. फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाचंच बघा. नॅशनल रेल्वे म्युझियमने ते २००४ मध्ये विकत घेतलं, २००६ मध्ये काम सुरू झालं आणि ते लंडन ते यॉर्क अशी पहिली फेरी मारायला निघालं तेव्हा फेब्रुवारी २०१६ उजाडला होता. खर्च ४२ लाख पौंड. 'लवकरच सेवेत' असं लिहिलेलं दिसलं की हे उदाहरण आठवावं.

तेव्हा चांगलं पान कुठलं? ज्यात इंजिनाच्या नावापुढे तिकीट कधी संपतंय हे लिहिलेलं असतं. सेवेत, दुरुस्तीत, दुरुस्तीची वाट बघत, नुसतं प्रदर्शनात: या चार अवस्था वेगळ्या दाखवल्या की काम झालं. ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेची इंजिनांची पानं मी पुन्हा पुन्हा वाचते ती त्यांच्या तपशिलासाठी. १९६० मध्ये सुरू झालेली ही लाइन. त्यांच्याकडे टेरियर वर्गाची छोटी टाकीवाली इंजिनं आहेत, त्यातलं 'फेन्चर्च' १८७२ चं आणि 'स्टेपनी' १८७५ चं. ही इंजिनं आयुष्यभरात किती मालकांकडे राहिली, काय काय बदललं, हे वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. शिवाय अशा ठिकाणी बरीचशी इंजिनं रेल्वेच्या मालकीची नसतात. एखादा ट्रस्ट, एखादी सोसायटी, एखादी खासगी व्यक्ती मालक असते आणि रेल्वे फक्त वापरते. मालक कोण हे पानावर असेल तर इंजिन अचानक दुसऱ्या रेल्वेला का गेलं किंवा खास उत्सवाच्या ('गाला') आठवड्यात पाहुणं म्हणून कसं आलं, याचा उलगडा होतो.

आता ओळखीचा प्रश्न. इंजिनाची ओळख म्हणजे नुसतं नाव किंवा नंबर नव्हे, कारण दोन्ही बदलतात. फ्लाइंग स्कॉट्समन १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा त्याचा नंबर १४७२ होता. दुसऱ्या वर्षी ४४७२ झाला. १९४६ मध्ये आधी ५०२, मग १०३. रेल्वे सरकारी झाल्यावर १९४८ मध्ये ६०१०३. आजोबांच्या अल्बममधला फोटो एका नंबरचा आणि समोर उभं इंजिन दुसऱ्या, तरी दोन्ही एकच. म्हणून मी कुठल्याही पानावर आधी बनवणाऱ्याचं नाव आणि वर्क्स नंबर शोधते. तो नंबर कारखान्यातून निघताना मिळतो आणि सहसा बदलत नाही.

या बाबतीत सगळ्यात रंजक प्रकरण वेल्समधल्या फेस्टिनियोग रेल्वेचं आहे. तिथे दोन तोंडांची फेअर्ली इंजिनं आहेत: मध्ये ड्रायव्हर-फायरमनची जागा, दोन्हीकडे बॉयलर, दोन्हीकडे धुराडं. १८७६ मध्ये 'टालिएसिन' नावाचं एकतोंडी फेअर्ली आलं. पुढे ते भंगारात गेलं. मग १८८६ मध्ये तिथल्याच बॉस्टन लॉज वर्कशॉपमध्ये बनलेल्या 'लिव्हिंग्स्टन थॉम्प्सन' या दोनतोंडी इंजिनाला 'टालिएसिन' नाव दिलं. त्याचंच पुन्हा नामांतर होऊन ते 'अर्ल ऑफ मेरिऑनेथ' झालं. ते थकल्यावर १९७९ मध्ये नवं 'अर्ल ऑफ मेरिऑनेथ' बनलं, आणि १९९९ मध्ये नवं कोरं 'टालिएसिन'. जुनं लिव्हिंग्स्टन थॉम्प्सन आपलं मूळ नाव परत लावून आता यॉर्कच्या म्युझियममध्ये उभं आहे. आता सांगा, 'टालिएसिन कधीचं?' याला एका ओळीत काय उत्तर देणार?

याचं उत्तर फेस्टिपीडियावर मिळतं. फेस्टिनियोगच्या हेरिटेज ग्रुपने चालवलेला हा विकी आहे आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र पान, त्यातून वर्कशॉपच्या पानावर, तिथून माणसांच्या, डब्यांच्या, अपघातांच्या पानांवर. फेस्टिनियोगच्या जोडीच्या वेल्श हायलँड रेल्वेच्या बाजूचं 'के १' शोधा. १९०९ मध्ये टास्मानियासाठी बनलेलं जगातलं पहिलं गॅरेट इंजिन, म्हणजे मध्ये बॉयलर आणि दोन्ही टोकांना चाकांचे वेगळे संच. वाचताना आपण कधी टास्मानियात, कधी मँचेस्टरच्या कारखान्यात आणि कधी पुन्हा वेल्समध्ये पोहोचतो. सेव्हर्न व्हॅलीचाही असा विकी आहे, तोही हौशी लोकांनी उभा केलेला. अधिकृत वेबसाइट तिकीट विकते आणि विकी इंजिन समजावतो, अशी वाटणी झालेली दिसते. पण तिकीट विकणाऱ्या पानावरून विकीकडे जाणारी एक ठळक लिंक द्यायला काय हरकत आहे? पुष्कळ ठिकाणी ती नसते, आणि पाहुण्याला तो खजिना आहे हेच कळत नाही. विकीचा दोष सांगायचा तर भाषा जाणत्यांसाठीची. 'फुल साइड टँक', 'पिस्टन व्हॉल्व्ह', 'सुपरहीट' असे शब्द सरळ येतात. नवख्याला एखादी आकृती पुरेल.

टॅलिलिन रेल्वेचा उल्लेख न करता पुढे गेले तर पाप लागेल. जगात पहिल्यांदा स्वयंसेवकांनी जगवलेली रेल्वे ती हीच. १९५० मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १९५१ मध्ये त्यांनी गाड्या चालवल्या. तेव्हा मूळच्या दोन इंजिनांपैकी १८६६ चं 'डॉलगॉक' तेवढं चालतं होतं. १८६४ चं 'टॅलिलिन' थकून पडलं होतं. मग बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं आणली. दोन्ही रेल्वेंचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) २ फूट ३ इंच, म्हणून जमलं. असा गेज फारच कमी ठिकाणी होता. त्यांचे कॉरिसवरचे ३ आणि ४ हे नंबरसुद्धा बदलावे लागले नाहीत, कारण टॅलिलिनकडे १ आणि २ होतेच. आता 'सर हेडन' आणि 'एडवर्ड थॉमस' म्हणून ती ओळखली जातात. अशी एक गोष्ट पानावर असली की पोरगं ३ नंबरचं इंजिन शोधत प्लॅटफॉर्मभर धावतं. वजन-मापांच्या तक्त्याने ते होत नाही.

थेट माहितीत अमेरिकेतली युनियन पॅसिफिक सगळ्यांच्या पुढे आहे. ती काही हेरिटेज रेल्वे नव्हे, मालगाड्या चालवणारी भली मोठी कंपनी. पण तिने बिग बॉय ४०१४ हे १९४१ चं इंजिन दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा लाइनवर आणलं. अशी २५ बनली होती, त्यातली ८ उरलीत, आणि चालतं हे एकच. ते दौऱ्यावर निघालं की वेबसाइटवर नकाशा येतो आणि इंजिन या घडीला कुठे आहे ते दिसतं. मी घरात बसून ते एका गावातून दुसऱ्या गावात सरकताना बघितलंय. आम्ही शेडमध्ये कंट्रोलला, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसला, फोन लावून लावून 'कुठवर आलं?' विचारायचो. तो जमाना आठवून हसू आलं. छोट्या रेल्वेंना असा नकाशा परवडेलच असं नाही, गरजही नाही. पाच-सात मैलांच्या लाइनवर इंजिन कुठे जाणार आहे? त्यांनी सकाळी आग पेटल्यावर एक ओळ टाकली तरी पुष्कळ.

प्रामाणिकपणाचं बक्षीस मात्र ऑस्ट्रेलियातल्या पफिंग बिलीला. मेलबर्नजवळच्या डोंगरातली ही २ फूट ६ इंच गेजची लाइन, १९०० मध्ये सुरू झालेली. आसपास जंगल, त्यामुळे सरकारने संपूर्ण अग्निबंदी जाहीर केली की त्या दिवशी गाड्या डिझेलवर. हे ते आधीच स्पष्ट सांगतात. तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं की कडक उन्हाळ्यात असं होऊ शकतं. ब्रिटनमध्ये हा प्रश्न पूर्वी क्वचित यायचा, पण २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथेही ठिणग्यांच्या भीतीने ठिकठिकाणी डिझेल लावावं लागलं. काही वेबसाइट्सनी ते ठळक सांगितलं, काहींनी इतकं बारीक की लोकांना प्लॅटफॉर्मवरच कळलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ड्युरँगो-सिल्व्हरटन रेल्वेने तर २०१८ च्या मोठ्या वणव्यानंतर कोळशाची इंजिनं तेलावर आणायला घेतली. हा बदल इंजिनाच्या पानावर हवाच. आवाज, वास, फायरमनचं काम, सगळंच त्याने बदलतं.

वेळापत्रकांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश रेल्वेंची रंगीत कॅलेंडरं असतात: निळा दिवस, लाल दिवस, हिरवा दिवस, आणि प्रत्येक रंगाचं वेळापत्रक वेगळं. वाफ आणि डिझेल यांच्यासाठी अक्षरं किंवा छोटी चिन्हं. संगणकावर ठीक, फोनवर मात्र ती पीडीएफ उघडून बोटांनी ताणत बसा. रंग नीट न दिसणाऱ्या माणसाने काय करायचं, याचा विचार फार थोड्यांनी केलेला दिसतो. फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. एका इंजिनाचे वीस फोटो, सगळे एकाच बाजूने, धुराच्या ढगासकट. कॅबमधला एखादा फोटो, रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) आणि गेजग्लास (बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच) कुठे आहेत हे दाखवणारा, असेल तर माझ्यासारखीला त्या वीसपेक्षा जास्त आवडेल.

आपल्याकडे वळते. दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका-शिमला २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. इंजिनं म्हणाल तर जगाने हेवा करावा अशी. दार्जिलिंगच्या बी क्लास इंजिनांचा आराखडा १८८९ चा आहे. निलगिरीवर स्विस घडणीची एक्स क्लास इंजिनं १ ला १२ च्या (१२ फुटांमागे १ फूट) चढावर दातेरी रुळाला धरून गाडी मागून ढकलत नेतात. आणि ऑनलाइन? गाडीचा क्रमांक, वेळ, वर्ग, जागा शिल्लक आहे की नाही, एवढं मिळतं. इंजिनाचा क्रमांक, त्याची स्थिती, शेडमध्ये कुठली उभी आहेत, हे कुणी सांगत नाही. इतर गाड्यांना त्याची गरजही नाही. माणूस पोहोचण्यासाठी बसतो. पण इथे लोक इंजिनासाठीच येतात. निलगिरीवर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा चढाचा भाग वाफेवर, आणि कुन्नूर ते उटी नेहमीच्या गाड्यांना डिझेल. तिकिटावर यातलं काही छापलेलं नसतं. वरच्या भागाचंच तिकीट काढून वाफेच्या इंजिनाची वाट बघणारे पर्यटक असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माहिती शेडमध्ये रोज लिहिली जाते हे मी छातीठोकपणे सांगते. कुठलंही शेड त्याशिवाय चालत नाही. तो कागद फक्त बाहेर येत नाही.

बाहेर आणायला फार काही लागणार नाही. रोजच्या तक्त्यातली चार इंजिनं, त्यांच्यापुढे 'सेवेत' किंवा 'दुरुस्तीत', वर तारीख. गुप्त राखावं असं त्यात काही नाही.

गुणच द्यायचे म्हटले तर इतिहासासाठी फेस्टिपीडिया पहिला. उद्याच्या इंजिनासाठी सेव्हर्न व्हॅली, पण निघायच्या सकाळी पुन्हा एकदा बघून. वाईट बातमी वेळेवर सांगण्यात पफिंग बिली. नकाशासाठी युनियन पॅसिफिक. आणि दार्जिलिंगला एक गुण नक्की द्यायचा: दार्जिलिंग ते घूम जॉयराइडची वाफेची फेरी आणि डिझेलची फेरी ते वेगवेगळी विकतात, त्यामुळे कुठल्या इंजिनापोटी पैसे देतोय हे आधीच कळतं. जाणार असाल तर बुकिंग करतानाच 'स्टीम' लिहिलेली फेरी निवडा. ती आधी भरते, आणि खिडकीशी जाऊन विनवण्या केल्या तरी डिझेलच्या जागी बी क्लास लागत नाही.